चोक काढला की बंद पडणारी आरएक्स 100: माझा अनुभव

चोक (थंड इंजिनला पेट्रोल वाढवून देणारा खटका) लावून दुसऱ्या किकला चालू, चोक काढला की दहा सेकंदांत बंद. हलका अ‍ॅक्सिलरेटर देत राहिलं तर चालते, पण मूठ सोडली की रेस लगेच खाली येत नाही. वरच अडकून राहते आणि मग एकदम बंद पडते. पावसाळाभर उभी असलेली यामाहा आरएक्स 100 ही जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल दसऱ्याला बाहेर काढली तेव्हा ही लक्षणं होती.

यातली दोन लक्षणं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. चोक काढल्यावर बंद पडणं म्हणजे स्लोच्या (मूठ सोडल्यावर इंजिन संथ चालतं त्या) वाटेने पेट्रोल येत नाही. रेस वर अडकणं म्हणजे कुठून तरी फुकट हवा आत शिरते आहे. अशा वेळी पहिला हात स्लोची हवा कमी-जास्त करणाऱ्या एअर स्क्रूला जातो आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण दोष तसाच राहतो आणि मूळ सेटिंगही हरवतं. म्हणून स्क्रू हलवण्याआधी तो किती फेऱ्यांवर आहे ते मोजून लिहून ठेवलं.

कार्बोरेटर खोलण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. प्लग काढला: कोरडा आणि पांढरट, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची नळी बाटलीत सोडली: धार सलग यायला हवी, थेंब थेंब नको. टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असतं आणि गाडी दोन-तीन किलोमीटरवर नेमाने बंद पडते. इथे तसं नव्हतं. सायलेन्सरची आतली नळीही एकदा पाहून घ्यावी. टू-स्ट्रोकमध्ये ती काजळीने चोंदली की पिकअप मरतो आणि दोष उगाच कार्बोरेटरच्या माथी जातो.

मग कॉक बंद करून कार्बोरेटर उतरवला. त्याच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल फेकू नका. काचेच्या ग्लासात ओतून दहा मिनिटं ठेवा. आमच्या ग्लासात तळाशी वेगळा थर दिसला आणि वाटीच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी होती. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि खालीच तर जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्राचे पितळी तुकडे) असतात. टाकीतलं जुनं पेट्रोलही त्यामुळे पूर्ण काढून टाकलं.

स्लोचा पायलट जेट खोल विहिरीत बसलेला असतो आणि पितळ मऊ. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं हवं, नाहीतर खाच निघते आणि जेट तिथेच अडकतो. जेट उजेडासमोर धरला तर काहीच दिसेना. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्र, आत हिरवट चिकटा. स्टीलची पिन घालू नये, छिद्र मोठं होतं. विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एकच तार काढली, जेट रात्रभर कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवला आणि मग तार फिरवली. आरपार स्वच्छ गोल ठिपका दिसला तरच जेट मोकळा झाला म्हणायचं.

पण नुसता जेट साफ करून भागत नाही, आणि बहुतेक वेळा काम इथेच अर्धवट सुटतं. स्लाइडच्या (मूठ फिरवली की वर जाणाऱ्या झडपेच्या) खाली, इंजिनच्या बाजूला कार्बोरेटरच्या गळ्यात टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं असतात. एअर स्क्रू काढून त्याच्या भोकातून क्लीनर मारला (डोळ्यांवर चष्मा हवाच) तेव्हा एकातून पिचकारी आली, दुसरं कोरडं. हे दुसरं छिद्र बंद असेल तर स्लो कसाबसा लागतो, पण मूठ जराशी फिरवली की गाडी अडखळते. क्लीनर, अर्धा तास थांबणं, मग पंपाची हवा, असं चार वेळा केल्यावर ते सुटलं.

वाटी भरली की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नखावर फिरवून पाहिली. टोकाला गोल खाच जाणवली तर सुई बदला, नाहीतर पेट्रोल ओव्हर होत राहील. खात्री करायची तर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकायचं. हवा अडली पाहिजे.

जोडताना स्लाइडची उभी खाच आतल्या खुंटीवर बसली पाहिजे आणि स्लाइडचा तिरका कापलेला भाग एअर फिल्टरकडे. उलटी बसली तर गाडी चालू होताच रेस सुटते. या गाडीत मुठीची केबल पुढे दुभागते, एक कार्बोरेटरला आणि एक ऑइल पंपाला. म्हणून कार्बोरेटर बसवल्यावर पंपाची खूण जुळते का ते बघा. पंप मागे राहिला तर कार्बोरेटर कितीही सुरेख लागो, पिस्टन जॅम होणारच. पहिल्या लिटरभर पेट्रोलमध्ये मी 20 मिली टू-टी ऑइल वेगळं घातलं. धूर थोडा जास्त येतो, येऊ द्यावा.

स्लो लागला, पण रेस अजून अडकतच होती. गाडी स्लोवर ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला. खालच्या बाजूला पाणी लागताच आवाज बदलला. जोड काढून वाकवला तेव्हा भेग उघडी दिसली, सरळ ठेवल्यावर मिटत होती. डिंक, सोल्यूशन लावून हे टिकत नाही, जोड नवा घातला. जोड चांगला असूनही रेस अडकत असेल तर मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी कडी, पाहावं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गाडी गिअर ऑइल पिते, पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी उतरते.

आता कुठे एअर स्क्रूची वेळ. गाडी दहा मिनिटं चालवून गरम केली, स्क्रू हलकेच पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर. तिथून पाव-पाव फेरी फिरवत जिथे रेस सर्वांत वर गेली तिथे थांबलो आणि स्लोच्या स्क्रूने रेस खाली आणली. आत घेतला की पेट्रोल वाढतं, बाहेर काढला की हवा. अर्ध्या फेरीच्या आतच गाडी खूश असेल तर पायलट जेट अजून बुजलेला किंवा लहान आहे. तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं तर जेट मोठा.

मुठीवर पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा टेपने केल्या आणि गाडी नागपूरच्या काटोल रोडला नेली. पाव ते पाऊण मुठीचं काम स्लाइडला लटकलेली सुई (फ्लोटची नव्हे) करते, त्यापुढे मेन जेट. अर्ध्या मुठीवर हलका झटका जाणवला. इथेनॉलमुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणून सुईची क्लिप एक खाच खाली केली. त्याने सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. मग मोकळा रस्ता पाहून पूर्ण मुठीवर थोडं अंतर काढलं, क्लच दाबला, तिथेच इंजिन बंद केलं आणि प्लग काढला. प्लगच्या चिनीमातीचा रंग चॉकलेटी होता, म्हणजे मिश्रण बरोबर.

हे सेटिंग थंडीच्या सुरुवातीचं. नागपुरात जानेवारीची 10 अंशांची सकाळ आणि मेची 45 अंशांची दुपार यांत हवा सुमारे 11 टक्के विरळ होते, म्हणजे त्याच सेटिंगवर उन्हाळ्यात पेट्रोल जास्त पडतं. होळीनंतर प्लग काळा दिसू लागला की आधी एअर स्क्रू पाव फेरी बाहेर, तेवढ्याने भागलं नाही तर क्लिप परत वरच्या खाचेत.