बरडच्या मावशींचा नमस्कार

यंदा मृग कोरडा गेला. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं, तेव्हा आभाळात ढगाचा पत्ता नव्हता आणि ऊन वैशाखासारखं लागत होतं. माझी पदवीची शेवटची परीक्षा झालेली होती, निकाल लागायचा होता, नोकरीसाठी अर्ज टाकून ठेवले होते. आजी दरवर्षी आमच्या गावच्या दिंडीतून चालते. एरवी तिच्या सोबत आत्या असते, पण आत्या लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली होती. मग आजीबरोबर मी जायचं ठरलं. अडीचशे किलोमीटर चालायचं म्हणून आईला काळजी, आणि मला आनंद, कारण लहानपणापासून आजीच्या तोंडून ऐकलेली सगळी गावं आता मी ओळीनं बघणार होते.

आमची दिंडी रथामागची. जेवणखाणाची भिशी आधीच भरलेली असते. सामान ट्रकमध्ये, पाण्याला टँकर, मुक्कामाला तंबू. बाहेरून बघणाऱ्याला वारी म्हणजे नुसती गर्दी वाटते, पण आत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी आणि पखवाजवाला, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. वीणा कधी खाली ठेवायची नसते. वीणेकरी बुवा दमले की दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते, आणि देणारा-घेणारा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. पहिल्या दिवशी मला हेच सगळ्यात आवडलं. सत्तरीचे बुवा विशीतल्या पोराच्या पाया पडतात आणि त्या पोरालाही त्यात काही विशेष वाटत नाही.

दिवस पहाटे तीन-साडेतीनला सुरू होतो. टँकरपाशी बायकांच्या आंघोळीची सोय अशी: दोघी जणी नऊवारीची दोन टोकं धरून आडोसा करतात, तिसरी आत आंघोळ उरकते, मग पाळी बदलते. अंधारात कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. “आटप गं माउली” एवढंच ऐकू येतं. त्या गार पाण्यानंतर मिळणारा पितळी पातेल्यातला गुळमट चहा मी आयुष्यभर विसरणार नाही. कॉलेजच्या तीन वर्षांत मी इतके चहा प्यायले, पण एकासाठी हात जोडावेसे वाटले नव्हते. तिथे ते रोज वाटायचं.

पुण्याचे दोन मुक्काम गर्दीत गेले. खरी वारी मला दिवे घाटात कळली. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात एकादशी. हडपसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक राजगिऱ्याचे लाडू, केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की घेऊन उभे. आपल्याकडे कुणी काही दिलं की आधी “नको, नको” म्हणायची रीत असते. मीही तशीच म्हणत होते. आजीनं एकदा मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, “आगं, घ्यावं. त्यो सकाळपासनं पाटी घेऊन उभाय. तू न्हाई म्हणलीस तर त्याची वारी कशी व्हायची?”

मग मी बघायला लागले. खरंच, देणारा माणूस लाडू हातावर ठेवतो आणि स्वतःच वाकतो. ज्यानं घ्यायचं त्यानं वाकायचं, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे देणाराच “घ्या ना, माउली” म्हणून विनवतो, आणि घेतलं की त्याचा चेहरा उजळतो. वडकीच्या अलीकडे एक शाळकरी मुलगा पाण्याची बाटली घेऊन पळत आला, माझा रिकामा तांब्या भरला आणि पायाला हात लावून गेलासुद्धा. त्याला नाव विचारायला वेळच मिळाला नाही.

घाट चढताना माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. पखवाजाचा ठेका चढावर किंचित संथ होतो आणि पाय आपोआप त्यावर पडायला लागतात. मग दम लागतो पण थकवा येत नाही. अर्ध्या वाटेवर मी आजीच्या शेजारच्या काकूंची तुळस डोक्यावर घेतली. लुगड्याच्या धडप्याची चुंबळ, वर पितळी वृंदावन. मान ताठ ठेवावी लागते, नजर समोर. खाली बघायचं नाही, फोन काढायचा नाही, नुसतं चालायचं. वळणावर थांबून पाहिलं तर खाली मस्तानी तलावाच्या बाजूनं पांढऱ्या टोप्यांचा आणि भगव्या पताकांचा रस्ताच्या रस्ता वर सरकत होता, आणि वर वारा सुटला होता. घामेजल्या मानेवर लागलेला तो वारा! उन्हाळाभर मी पंख्याखाली बसून कंटाळले होते, आणि इथे एका झुळकीसाठी सगळी दिंडी “पुंडलिक वरदे” म्हणून ओरडली.

जेजुरीत भंडाऱ्यानं सगळे पिवळे झालो, तो रंग पुढे कितीतरी दिवस माझ्या भांगात होता. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं. नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो, सातारा लागतो, आणि स्वागताला उभ्या लोकांची भाषाही जरा बदलते.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब म्हणून जागा आहे. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना सरकून मधून वाट करतात. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीपासून सोहळ्याबरोबर असतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही, तो माउलींचा. ही सगळी शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिली, आणि आजही पालखी तिच्याच बळावर चालते. अश्व दौडत गेले तेव्हा मला नीट काही दिसलंसुद्धा नाही, टापांचा आवाज छातीत घुमला तेवढा. पण ते पुढे गेले आणि क्षणात सगळे खाली वाकले. टापांखालची माती कपाळाला लावायला. आजीनं चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावली, उरलेली पदराच्या गाठीत बांधली, “आत्याला नेऊ” म्हणाली. मग खेळ सुरू झाले. साठीच्या काकू फुगडीला उभ्या राहिल्या त्या आमच्यासारख्या पोरींना दमवूनच थांबल्या.

संध्याकाळची समाजआरती मला रोज हवीहवीशी वाटायची. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि एवढ्या हजारो माणसांचा आवाज जागच्या जागी थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, मगच ते टाळ थांबतात. दाद मागायची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. आरडाओरडा नाही, फक्त टाळ. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाचा चष्मा, कुणाचं पाकीट, कुणाचा मोबाईल. एवढ्या गर्दीत पडलेलं पाकीट कुणीतरी उचलून चोपदारांपर्यंत आणून दिलेलं असतं. दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ सांगतात आणि आरती होते.

फलटणला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रस्त्याकडेला एक काका पोतं अंथरून बसले होते, पुढ्यात ऐरण, दोरा, टोचणी. शिवून झाल्यावर पैसे काढले तर म्हणाले, “वर्षभर घेतोच की. आज नको.” दुसऱ्या पायाची चप्पलही त्यांनी ओढून पाहिली, तिलाही दोन टाके घातले आणि म्हणाले, “आमचा नमस्कार सांगा देवाला.”

त्यानंतरच्या मुक्कामाला, बरडला, आम्ही वाटेवरच्या एका घराच्या ओट्यावर टेकलो होतो. आतून एक मावशी आल्या. काही न विचारता त्यांनी आजीचे पाय परातीत घेतले, कोमट पाण्यानं धुतले, पदरानं पुसले. मग वाटीत खोबरेल तेल गरम करून आणलं. आजीच्या टाचांना भेगा आहेत, इतक्या खोल की त्यात माती बसते. मावशींनी एकेक भेग अंगठ्यानं चाचपत तेल जिरवलं. त्यांचेही हात खुरपून खुरपून राठ झालेले, तेल चोळताना खरखर ऐकू यायची. मीही पाय मागे घेत होते तर म्हणाल्या, “असू दे, बाळ. सासू अंथरुणाला खिळलीय, मला घर सोडता येत न्हाई. तुमच्या पायानं माझं जाणं हुतंय.” निघताना त्या आमच्या पाया पडल्या, आजी त्यांच्या पाया पडली. “पांडुरंगाला माझा नमस्कार सांगा,” म्हणाल्या. आजी म्हणाली, “सांगते.” एखादा निरोप पक्का पोचवायचा असतो तसं म्हणाली.

नातेपुत्याच्या पुढे पाऊस आला. आधी वास आला, मग वारा, मग टपोरे थेंब. कुणी पळालं नाही. प्लास्टिकचे कागद डोक्यावरून घेतले आणि भजन चालू राहिलं. मी कागद घेतलाच नाही. उन्हानं भाजलेल्या हातांवर ते थेंब पडत होते, चेहऱ्यावरून पाणी ओठात येत होतं, आणि पखवाज मात्र बुवांनी घोंगडीत गुंडाळून लेकरासारखा पोटाशी धरला होता. पाऊस जरा ओसरल्यावर दिंडीतल्या निम्म्या लोकांनी फोन काढले. “आपल्याकडं हाय का पाऊस?” “किती झालाय, ओल किती गेलीय?” ही सगळी पेरणी टाकून आलेली माणसं. वीणेकरी बुवा लेकाला सांगत होते, “वापसा आला की बाजरी पेरून टाक, माझी वाट बघू नको.” फोन ठेवला, डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाले, “घरी पण लागलाय.” ते ऐकून आमच्या दिंडीत जो गजर झाला तसा रिंगणातही झाला नव्हता. तंबू भिजले होते, म्हणून त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. गरम पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कोरडं अंथरूण. आणखी काही हवंय असं मनातसुद्धा आलं नाही.

वेळापूरच्या उतारावर धावा असतो. तुकाराम महाराजांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून सगळी वारी धावते. आजी धावली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो सोडवून घेतला.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, आणि तिथून पंढरपूरपर्यंत पाऊल ठेवायला जागा नसते. पदस्पर्श दर्शनाची रांग गावाबाहेरपर्यंत गेलेली. रांगेत एक रात्र नक्कीच जाणार होती. आजीनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “माझे गुडघे आता उभं राहू देत न्हाईत. कळस दिसतोय. वारकऱ्याला तेवढं पुरं.” चंद्रभागेत स्नान झालं आणि नामदेव पायरीपाशी गर्दीतून जेवढं पुढं जाता आलं तेवढं गेलो.

तिथं तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, कळसाकडे बघितलं आणि मोठ्यानं बोलायला लागली. देवाशी नाही, जणू समोर बसलेल्या माणसाशी. “बरडच्या तेल लावणाऱ्या बाईचा नमस्कार. तिची सासू आजारी हाय, बघ तिच्याकडं. हडपसरच्या लाडूवाल्याचा नमस्कार. लोणंदच्या चहावाल्याचा. तरडगावच्या केळीवाल्या आजोबांचा, त्यांच्या नातवाला नोकरी पायजे. आमच्या आत्याबाईचा, ती बाळंतिणीपाशी हाय.” मागून लोक रेटत होते, पोलीस “चला माउली, पुढं चला” म्हणत होते. आजी जागची हलली नाही. नाव एकाचंही तिला माहीत नव्हतं, चेहरे मात्र सगळे लक्षात होते.

“आजी, फलटणचे चपला शिवणारे काका राहिले,” मी म्हणाले.

“बरी आठवण केलीस,” असं म्हणून तिनं पुन्हा हात जोडले. “आन् त्या घाटातल्या पाणी देणाऱ्या पोराचा तू सांग. त्याला मी बघितलं न्हाई.”

मी सांगितला.