एककॉलमी नवल

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, तापमान आणि भरती-ओहोटीच्या वेळा यांच्या शेजारी, एक छोटी चौकट असते. 'जगावेगळे', 'नवलाई', 'अजब-गजब' असे काहीतरी नाव तिला दिलेले असते आणि पहिल्या पानावरचे मंत्री, खाणी व म्हादईचे पाणी ओलांडून थेट तिच्यापाशी पोहोचणारा वाचक गोव्यात मुबलक आहे. फोंड्याच्या बाजारातील हॉटेलात सकाळी भाजी-पाव आणि चहा मागवून बसलेली मंडळी आधी निधनवार्ता वाचतात, नंतर ही चौकट आणि त्यानंतर, वेळ उरलाच तर, राज्यकारभार. पणजीच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक असताना ही चौकट भरण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते, त्यामुळे तिच्याविषयी मला जिव्हाळाही आहे आणि थोडा संशयही.

संशय अशासाठी, की ही बातमी तिच्या गुणांवर क्वचितच निवडली जाते. रात्री पान सोडण्याची वेळ झाली, ऐनवेळी एखादी जाहिरात मागे घेतली गेली आणि कोपऱ्यात चार बोटे जागा मोकळी राहिली, की वृत्तसंस्थेकडून आलेल्या मजकुरातून ती उपसून काढायची, खालचे दोन परिच्छेद कापायचे आणि वर मथळा चढवायचा. सगळी मेख या मथळ्यात आहे. एका कॉलमाच्या रुंदीत ठळक टायपाचे तीन, फार तर चार शब्द मावतात आणि तेवढ्या जागेत 'कारण', 'म्हणून', 'या कायद्यापुरते' यांपैकी काहीही बसत नाही. जगातल्या बहुतेक विचित्र बातम्या विचित्र होतात त्या या रुंदीमुळे, असे माझे मत त्या खुर्चीत बसूनच बनले, आणि खुर्ची सोडल्यानंतरही ते बदलण्याजोगे काही वाचनात आलेले नाही.

2022 सालच्या मे महिन्याच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने दिलेल्या एका निकालाची बातमी जगभर गाजली. मराठीत तर तिचा मथळा आयताच तयार होता : 'माशी ठरली मासा'. न्यायमूर्तींचे डोके फिरले असावे, अशा समजुतीने लोक हसले आणि पान उलटून मोकळे झाले. प्रत्यक्षात घडले ते असे, की भुंग्यासारख्या केसाळ अशा बंबलबी माशीच्या चार जाती झपाट्याने कमी होत असल्यामुळे त्यांना संरक्षण मिळावे, अशी मागणी निसर्गप्रेमी संस्थांनी केली होती. परंतु त्या राज्याच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यात पक्षी, सस्तन प्राणी, मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी आणि वनस्पती एवढ्यांचीच नावे आहेत, कीटकांचे नाव नाही. बदामाच्या बागायतदारांनी नेमके यावरच बोट ठेवून विरोध केला. न्यायालयाने त्याच संहितेतील माशाची व्याख्या काढून पाहिली, तर तिच्यात 1969 सालापासून 'अपृष्ठवंशीय', म्हणजे कीटकांसारखा पाठीचा कणा नसलेला प्राणी, हा शब्द बसलेला होता. एवढेच नव्हे, तर 1980 साली जमिनीवर राहणाऱ्या एका गोगलगायीला त्याच व्याख्येच्या आधाराने संरक्षणही मिळालेले होते. गोगलगाय चालते तर माशी का चालू नये, असा तो साधा, काटेकोर, कारकुनी शहाणपणाचा निकाल होता. हे सारे एका कॉलमात सांगता येत नाही. ते सांगितले तर हसूही येत नाही, आणि चौकटीला हसू हवे असते.

या वंशातल्या बातम्यांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 साली टोमॅटो ही भाजी असल्याचा निकाल दिला, तो आयात केलेल्या भाज्यांवर जकात होती आणि फळांवर नव्हती म्हणून. कर्नाटकात 2020 साली परोठा म्हणजे रोटी नव्हे, असे मत करविषयक प्राधिकरणाने दिले, ते पाच टक्के लावायचे की अठरा, या वादापायी. त्याच वर्षी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सँडविच विकणाऱ्या एका अमेरिकी साखळीचा पाव हा करमुक्तीपुरता पाव नव्हे असे ठरवले, कारण तिथल्या कायद्याप्रमाणे पावात साखर पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये आणि या पावात ती दहा टक्के होती. या शेवटच्या निकालावर गोव्यात कोणी फारसे हसले असेल असे मला वाटत नाही. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतले उंडे आणि कांकणे खाऊन वाढलेल्या माणसाला पिठाच्या दशांशाएवढी साखर घातलेल्या वस्तूविषयी आयरिश न्यायमूर्तींचेच म्हणणे पटणार.

मात्र सगळ्याच नवलांचे कोडे मजकूर वाढवला की सुटते, असेही नाही. काही बातम्या पूर्ण वाचल्या की जास्तच विचित्र होत जातात. उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्याच्या लाल बिहारी यांची कहाणी त्यांतली आहे. कर्जासाठी कागदपत्रे गोळा करायला गेलेल्या या तरुणाला आपण सरकारदरबारी मेलेलो असल्याचे कळले. वडिलोपार्जित जमिनीसाठी चुलत्याने लाच देऊन 1975 साली त्यांचा मृत्यू नोंदवून घेतला होता. चौकटीतला मथळा इथे सहज होतो आणि तिथेच संपतो. पण त्यापुढची हकिगत अशी, की या गृहस्थांनी जिवंतपणाचा पुरावा निर्माण करण्यासाठी, म्हणजे आपले नाव कोणत्या ना कोणत्या सरकारी कागदावर यावे यासाठी, बायकोच्या नावे विधवा वेतनाचा अर्ज केला, निवडणुका लढवल्या, 1989 साली तर अमेठीत राजीव गांधींच्या विरोधात उभे राहिले, स्वतःच्या नावापुढे 'मृतक' हे बिरुद लावले आणि आपल्यासारख्याच इतर मृतांचा संघ काढला. 1994 साली सरकारने त्यांना जिवंत केले. 2003 साली त्यांना शांततेचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामगिरीसाठी तेव्हा हार्वर्डमध्ये दिले जाणारे, पारितोषिक मिळाले. ते घेण्यासाठी भारत सरकारने या माणसाला पासपोर्ट दिला, पण अमेरिकेने आत येऊ दिले नाही. ही बातमी मी कितीही वेळा वाचली तरी तिच्यातला हसण्याचा भाग पहिल्या वाक्यानंतर सापडत नाही. एका माणसाची एकोणीस वर्षे त्यात गेली, आणि ज्यांनी तो दाखला लिहिला, त्यांच्या दृष्टीने तेही एक सुरळीत पार पडलेले काम होते.

जे जगाला नवल वाटते ते आपल्या दारात घडत असले की आपल्याला दिसतही नाही, हा अनुभव गोव्याएवढा क्वचितच कुठल्या प्रांताला असेल. फोंडा तालुक्यातील दुर्भाट येथे पौष अमावास्येच्या दिवशी खाजन शेतीच्या बांधाजवळ चिखलाची मगर घडवली जाते. काड्यांचे दात आणि शिंपल्यांचे खवले असलेली ती मगर फुले वाहून, दिवा लावून पुजली जाते. या विधीला मांगे थापणी म्हणतात. बाहेरच्या एखाद्या दैनिकाच्या चौकटीत हे गेले, तर 'गोव्यात मगरीची पूजा' एवढेच उरेल, आणि वाचणारा म्हणेल, काय एकेक लोक असतात. त्याला हे माहीत नसते, की खाजन म्हणजे खाडीच्या पातळीखाली बांध घालून मिळवलेली जमीन, की बांध फुटला तर खारे पाणी शिरून भात जाते, आणि की जवळच्या कुंभारजुवेच्या खाडीत खरोखरच्या मगरी आहेत. बांधावर पोट असलेल्या माणसाने बांधाच्या शेजाऱ्याशी सलोखा ठेवणे हे मला तरी मंत्रिमंडळाच्या बहुसंख्य निर्णयांपेक्षा अधिक तर्कशुद्ध वाटते.

गोव्याने जगाच्या चौकटीला दिलेली सर्वांत मोठी बातमी मात्र मगरीची नव्हे, माडाची. 2016 सालच्या जानेवारीत विधानसभेने 1984 सालच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून झाडाच्या व्याख्येतून माड वगळला. दुसऱ्या दिवसापासून 'माड आता झाड नाही' आणि लगोलग 'माड म्हणजे गवत' असे मथळे देशभर झळकू लागले. डेस्कवरच्या माणसाच्या नजरेने पाहिले तर तो अप्रतिम मथळा होता : तीन शब्द, अर्थ स्पष्ट, आणि सरकारची फजिती फुकटात. ज्या प्रांतात घरावर झावळ्या, चुलीत पिढे, आमटीत खोबरे, वाढायला करवंटीची डवली आणि मंगलकार्यात पहिला मान नारळाचा, तिथे ही बातमी घरोघरी चघळली जाणारच.

गंमत अशी, की वनस्पतिशास्त्राकडे वळले तर सरकारची बाजू अगदीच लंगडी नव्हती. माड हा एकदलिकित, म्हणजे बीजात एकच दल असलेला, आहे. आंब्या-फणसासारखे त्याचे खोड वर्षागणिक जाड होत नाही, कापले तर त्यात वर्षांची कडी दिसत नाहीत, त्याला फांद्या फुटत नाहीत, आणि नात्याने तो आंब्यापेक्षा भाताला आणि बांबूला जवळचा आहे. शेतकऱ्यांचीही एक रास्त तक्रार होती : म्हातारा, नारळ न धरणारा माड तोडून तिथे नवा कवाथा लावायचा तर वनखात्याचे हेलपाटे कशासाठी? परंतु सांगे तालुक्यात एका नियोजित मद्यनिर्मिती प्रकल्पाच्या जागेतील माड तोडल्यावरून त्याआधीच वाद पेटलेला होता, आणि कायद्यातून वगळलेला माड परवानगीविना कोणालाही तोडता येणार, हे लोकांनी ओळखले. म्हणजे लोक हसत होते गवतावर आणि चिडलेले होते जमिनीवरून. या दोहोंतली दुसरी गोष्ट एका कॉलमात मावत नव्हती. ती सभांमधून, सह्यांच्या मोहिमांमधून आणि संपादकांना आलेल्या लांबलचक पत्रांतून मांडली गेली. ती पत्रे मी अजूनही चौकटीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानतो, जरी त्यांतली काही वाचताना झोप येत असे.

त्या दिवसांत आमच्या कुळागरात नारळ पाडायला पाडेली आला होता. पायांत दोरीचा फास अडकवून, कमरेचा कोयता सावरत तो चढण्याच्या तयारीत असताना मी त्याला सरकारचा निर्णय सांगितला. त्याने मान वर करून शेंड्याकडे पाहिले, वाळकी झावळी कुठल्या बाजूला लोंबते आहे याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "झाड म्हण वा तण म्हण, चडपाचें म्हाकाच न्ही, बाबा?" त्यानंतर त्याने दर माडामागचा आपला दर वाढल्याचे सांगितले, जे त्याच्या दृष्टीने त्या दिवसाचे खरे वृत्त होते. पाडेली मिळणे आता इतके दुर्मीळ झाले आहे, की त्याच्याशी वनस्पतिशास्त्रावर किंवा दरावर वाद घालण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

2017 साली नवे आघाडी सरकार आले आणि माडाला पुन्हा कायद्यातले झाडपण देऊन राज्यवृक्षाचा मान देण्याचे ठरले. देशभरच्या चौकटींत या बातमीने पहिलीच्या मानाने फारच थोडी जागा अडवली. माड झाड आहे यात नवल काय? परिणामी गोव्याबाहेरचे माझे काही नातेवाईक आजही भेटले की, तुमच्याकडे माड गवत आहे ना, असे विचारून हसतात. चौकटीतल्या बातमीला दुसरा दिवस नसतो, हा तिचा सर्वांत मोठा दोष. कॅलिफोर्नियातल्या त्या माशांचे पुढे काय झाले, पावावरचा कर अखेर कोणी भरला, आझमगढच्या त्या शेताचा वाद कसा मिटला, हे सांगायला ती परत येत नाही.

आमच्या शेजारच्या नानांच्या बाबतीत हा दुसरा दिवस मला जवळून पाहायला मिळतो आहे. 2016 साली दुरुस्तीच्या विरोधात सही करणाऱ्यांत ते पुढे होते; वाडीवरच्या घराघरांत कागद घेऊन तेच फिरले. आता त्यांच्या मागच्या अंगणातला एक जुना माड स्वयंपाकघराच्या कौलांवर पुरता झुकला आहे आणि पाडेलीने त्यावर चढायला साफ नकार दिला आहे. तोडायचा तर परवानगी हवी, म्हणून नानांनी संबंधित कार्यालयात अर्ज केला, त्याला फोटो, घरपट्टीची पावती आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा जोडला, आणि पाहणीसाठी कोणी येईल म्हणून ते वाट पाहत आहेत. तेव्हाची सही आपण मागे घेणार नाही, हे ते कोणी न विचारताच सांगतात. कायदा आहे तो बरोबरच आहे. फक्त पाऊस लागण्याआधी कोणीतरी येऊन हा एवढा माड पाहून जावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.