काचेतला सदरा

आमच्या शाळेच्या आनंद मेळाव्यात दरवर्षी खाऊचे गाळे आणि दोन-चार खेळ असतात. यंदा आठवीच्या मुलांनी भूतबंगल्याचा हट्ट धरला. मुख्याध्यापकांनी विज्ञानशिक्षक म्हणून ते काम माझ्याकडे सोपवले आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत राहिला पाहिजे, असेही बजावले.

पाचशे रुपयांत अंधारसुद्धा विकत मिळत नाही. तो आम्हाला शेताने दिला. एका पालकांकडे कलिंगडाच्या प्लॉटमधला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यांवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, उरला होता. त्याची चंदेरी बाजू खिडक्यांकडे आणि काळी बाजू आत करून आम्ही वर्ग झाकला. बाके उभी करून, त्यांवर जुन्या साड्या टाकून वळणावळणाची वाट तयार केली. जुन्या ठिबकच्या नळ्यांना ओल्या सुतळीचे तुकडे बांधून ते डोक्याच्या उंचीवर सोडले. एका माठात भिजवलेला साबुदाणा आणि साल काढलेली द्राक्षे ठेवली. त्यात न बघता हात घालणारा मोठा माणूसही दचकतो. गडगडाटासाठी पत्र्याचा एक तुकडा पुरला. मेणबत्ती मात्र मी एकही लावू दिली नाही. न्यू जर्सीतील एका मनोरंजन उद्यानातल्या भूतबंगल्याला ११ मे १९८४ रोजी आग लागून आठ किशोरवयीन मुले दगावली होती, हे मी वाचले होते, आणि आमची तर सगळी वाटच कापडाची व प्लास्टिकची होती. म्हणून वर्गाची दोन्ही दारे उघडी ठेवून त्यांवर फक्त पडदे सोडले आणि प्रत्येक वळणावर विजेरी घेतलेला एक विद्यार्थी उभा केला.

माझा खरा जीव गुंतला होता तो शेवटच्या कोपऱ्यात. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत २४ डिसेंबर १८६२ रोजी जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत दाखवले होते. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची होती, आणि तिला लागते ती फक्त एक स्वच्छ काच. प्रयोगशाळेच्या मोडक्या कपाटाची काच आम्ही बाकावर तिरकी, पंचेचाळीस अंशांत उभी केली. काचेच्या पलीकडे एक रिकामी खुर्ची ठेवली आणि बाजूच्या आडोशाला, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, तेवढ्याच अंतरावर स्टुलावर एक बुजगावणे बसवले. त्याच्यावर साधा पिवळा बल्ब टांगून तो पंख्याच्या रेग्युलेटरला जोडला. बल्ब मंद असतो तोवर काचेतून फक्त रिकामी खुर्ची दिसते. तो हळूहळू वाढवला की बुजगावण्याचे प्रतिबिंब नेमके त्या खुर्चीत येऊन बसते. बुजगावणे आठवीतल्या एका मुलाने स्वतःच्या शेतातून आणले होते, म्हणून रेग्युलेटरही त्याच्याच हाती दिला.

सकाळी पहिलीतली एक मुलगी त्या खुर्चीसमोर थिजून गेली. तिला रडूही फुटेना. मी पोहोचण्याआधीच रेग्युलेटरवरचा मुलगा बाहेर आला आणि तिचा हात धरून त्याने तो काचेवर टेकवला. ‘‘गार लागतंय ना? काच हाय,’’ एवढेच तो म्हणाला. त्यानंतर प्रत्येक तुकडीला आधी अंधारात आणि मग दिवे लावून, अशा दोन फेऱ्या द्यायच्या, असे मी ठरवले. हे मला आधीच सुचायला हवे होते.

दुपारी त्या मुलाची आजी आली. खुर्चीत आकृती उमटू लागली तेव्हा बरोबरच्या बायका किंचाळून मागे सरल्या, पण आजी तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला.

‘‘ह्यांचा सदरा हाय,’’ त्या म्हणाल्या.

मी गोंधळलो. आजोबांना जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि त्यांचा सदरा बुजगावण्याच्या अंगावर आहे, हे मुलाने मला सांगितले नव्हते. एका विधवेला तिच्या नवऱ्याचे भूत दाखवून बसलो की काय, या विचाराने माझ्या पोटात खड्डा पडला. मी दिवे लावायला धावलो, तेवढ्यात त्यांनीच विचारले, ‘‘मास्तर, खिसा उजवीकडं कसा? ठिगळ म्या डाव्या खिशाला लावलं व्हतं.’’

बावीस वर्षे मी मुलांना आरशातल्या डाव्या-उजव्याची अदलाबदल शिकवतो आहे. ती इतक्या बारकाईने पकडणारे माणूस मला वर्गात क्वचितच भेटले. मी त्यांना काच दाखवली, मग आडोशाचा पडदा बाजूला केला. त्यांनी बुजगावण्याकडे पाहिले, पुन्हा काचेकडे पाहिले. ‘‘म्हंजी ते हितं हाय आन् दिसतंय तितं,’’ त्या म्हणाल्या. मग नातवाला म्हणाल्या, ‘‘पुन्यांदा लाव की रं.’’

त्याने दिवा अगदी सावकाश वाढवला. बाहेर पुढच्या तुकडीचा गोंगाट चालला होता. मी दारात जाऊन त्यांना थांबवून धरले. परत आलो तेव्हा आजी आडोशाच्या आत गेल्या होत्या आणि मडक्याच्या गळ्याखालची सदऱ्याची कॉलर नीट करत होत्या.

‘‘वरचं बटन लावल्याबिगर ह्येनी कवा उंबरा वलांडला न्हाई,’’ असे म्हणून त्यांनी ते बटण लावले.