गलबत, भाग सातवा : परबाण फिरेना

मी बनवत असलेल्या मराठा गलबताच्या लहान प्रतिकृतीचे पठाण (तळाचा कणा), वांक (बरगड्या) आणि फळ्यांचे काम संपल्याचे मागच्या नोंदीत मी मोठ्या समाधानाने लिहिले होते. डोलकाठ्या उभ्या राहिल्या की पंधरवड्यात शीड चढेल, असा माझा होरा होता. तो साफ चुकला.

आधी जमलेले सांगतो. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने मराठ्यांच्या गलबतांचे वर्णन करताना मोठ्या डोलकाठीवर एकच, फार मोठे, त्रिकोणी शीड असते आणि चढवल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाते, असे लिहिले आहे. माझी डोलकाठी २४ सेंटिमीटरची आहे, म्हणून परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात ती तिरपी काठी, ३४ सेंटिमीटरचे केले. मोठ्या गलबतांचे परबाण अखंड लाकडाचे नसून दोन-तीन काठ्या एकमेकींवर चढवून दोराने आवळलेले असते. तसेच मीही बांबूच्या दोन काड्या ९ सेंटिमीटर एकावर एक घेऊन मेण लावलेल्या दोऱ्याने बांधल्या. ही बांधणी मला स्वतःलाच इतकी आवडली की दोन दिवस ती नुसती टेबलावर ठेवून पाहत होतो. कलमी, म्हणजे मागची डोलकाठी मात्र नावापुरती बारीक आहे, तिच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता मुख्य दुखणे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर मी युरोपीय जहाजांच्या सवयीने कायमचे बांधले, वर प्रत्येक गाठीवर सुपरग्लूचा थेंबही सोडला. गेल्या रविवारी शीड डाव्या बाजूचे उजव्या बाजूला नेऊन पाहावे म्हणून परबाण उचलले, तर ते त्या दोरांत अडकून बसले. हा दोष माझ्या हाताचा नव्हता, समजुतीचा होता. अशा शिडाचे परबाण नेहमी वाऱ्याच्या पलीकडल्या बाजूला असावे लागते. त्यामुळे दिशा बदलताना गलबत वाऱ्याला पाठ करून वळवतात, दामण (शिडाच्या मागल्या खालच्या कोपऱ्याचा दोर) सैल सोडतात आणि अख्खे परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेतात. म्हणून तर डोलकाठी किंचित पुढे कललेली असते, आणि म्हणूनच बाजूचे दोर फक्त वाऱ्याकडच्या अंगाला ताठ ठेवून पलीकडचे सोडलेले असतात. कललेली डोलकाठी मी इमानेइतबारे केली, पण ती कशासाठी कललेली आहे याचा विचारच केला नाही!

फारसीत दामन म्हणजे वस्त्राचा पदर, हे लक्षात ठेवले तर दामणीची जागा चुकत नाही. मी चुकलो ते इतर दोरांच्या बाबतीत.

छत्तीस गाठी धारदार पात्याने एकेक कापल्या. तीन ठिकाणी फळीवर ओरखडे उठले. आता वाऱ्याकडच्या बाजूला कप्प्यांसह दोन दोर राहतील, पलीकडचे सैल गुंडाळून ठेवीन. कप्प्यांबद्दल एक सांगतो: संचाबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या कप्प्या मी फेकून दिल्या, कारण त्यांची भोके इतकी वेडीवाकडी होती की अर्ध्या मिलिमीटरचा दोराही जाईना. शिवणीच्या लाकडाच्या हाताने कोरलेल्या कप्प्या वेळखाऊ असल्या तरी त्याच बऱ्या.

हे लिहिता लिहिताच बेत बदलला आहे. भरलेले शीड दाखवण्यापेक्षा वळतानाचाच क्षण का दाखवू नये? परबाण जवळजवळ उभे, दामण सुटलेली आणि शीड नाळेपुढे, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकापुढे, निशाणासारखे उडणारे. चहात उकळलेल्या मलमलीच्या कडेत बारीक तार ओवून वरून पातळ फेविकॉल दिले, तर कापड त्या स्थितीत टिकावे. पहिला तुकडा आत्ता खिडकीत वाळत आहे, आणि त्याचा वरचा कोपरा आधीच लोंबू लागला आहे.