डिस्चार्ज बुक ते स्टेशन डायरी

आमच्या भागात फौजेतून आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणतात. शिपाई असो, नाईक असो, एसटीतून उतरला की ‘काय मेजर, किती दिवस सुट्टी?’ ऑगस्ट २०२३ च्या शेवटी मी तोफखान्यातून नाईक म्हणून बाहेर पडलो आणि कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या थांब्यावर काळी ट्रंक उतरवली, तेव्हाही हेच विचारलं गेलं. कायमचा आलोय म्हटल्यावर विचारणारे गप्प झाले. फौजेत भरती कसं व्हायचं हे साताऱ्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, तेव्हापासूनची ती वाट. फौजेतून आल्यावर पुढे काय करायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही. मी पोलीस ठाण्यापर्यंत कसा पोचलो ते म्हणून लिहितोय.

पंधरा वर्षं नोकरी झाली की जवानाला पेन्शनचा हक्क मिळतो. मी सतराव्या वर्षी स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मागितला. आबांच्या गुडघ्यांनी त्यांचं रानात जाणं थांबवलं होतं, आणि मुलगी आठवीत गेली तोवर मी जेमतेम चार दिवाळ्या तिच्यासोबत काढल्या होत्या. मुदत संपण्याआधी निघणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. नोव्हेंबर २०१५ च्या आदेशानंतर जे स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडतात, त्यांना ‘वन रँक वन पेन्शन’चा लाभ मिळत नाही. पेन्शन मिळते, पण तुमच्याच हुद्द्याच्या, तुमच्याइतकीच नोकरी केलेल्या दुसऱ्याची पेन्शन फेरआखणीत वाढली, तरी तुमची त्या हिशोबाने वाढत नाही. मला हे अर्ज दिल्यावर कळलं. तरीही मी अर्ज मागे घेतला नसता, पण घरच्यांशी बोलून तरी घेतलं असतं.

पुढे काय, याची उत्तरं गावात तयार होती. डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांच्या पहाऱ्याच्या दलात जा, बँकेत गार्ड हो, आबांचं म्हणणं शेतीच बघ. माझ्या मनात मात्र २००८ पासून केडंबे होतं. जावळी तालुक्यातलं हे गाव तुकाराम ओंबळे यांचं. सव्वीस नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीला त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, तेव्हा त्यांच्या हातात फक्त काठी होती. त्या वेळी मला भरती होऊन दोन वर्षं झाली होती. युनिटच्या टीव्हीवर बातम्या बघताना कळलं, की हे आधी फौजेच्या सिग्नल कोअरमध्ये होते, नाईक म्हणून निवृत्त झाले आणि १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत गेले. आपल्या जिल्ह्याचा माणूस दोन्ही वर्दी घालून गेला, हे डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे मीही नाईक झालो, तेव्हा ते जास्तच आठवायला लागलं.

आता कागदांबद्दल सविस्तर सांगतो, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस तिथेच गेले. माजी सैनिकांना राज्याच्या गट क आणि ड च्या भरतीत १५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतूनच राखलेल्या जागा. वयाची अटही शिथिल होते, फौजेत जितकी वर्षं काढली तितकी, वर आणखी तीन. पण हे सगळं तुमच्या डिस्चार्ज बुकवर, म्हणजे फौजेतून निघताना मिळणाऱ्या नोकरीच्या नोंदवहीवर अवलंबून असतं, आणि माझ्या डिस्चार्ज बुकात आईचं नाव ‘शांता’ होतं, शाळेच्या दाखल्यावर ‘शांताबाई’. माझं स्वतःचं नाव भरतीच्या वेळी कुणीतरी आडनाव शेवटी घालून लिहिलं होतं, दहावी-बारावीच्या गुणपत्रकांवर आडनाव आधी. बायकोचं नाव कागदोपत्री लग्नाआधीचंच. सतरा वर्षं त्या नोंदी माझ्या कामाच्या होत्या आणि मी त्या एकदाही वाचल्या नव्हत्या. एका कार्यालयाने सांगितलं, प्रतिज्ञापत्र पुरे. दुसऱ्याने सांगितलं, राजपत्रात नाव छापून आणा. तिसऱ्या खिडकीवर नुसतं ‘उद्या या’. मी तीन महिने गाव ते सातारा अशा खेपा घातल्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं, ओळखपत्र काढलं, अधिवास प्रमाणपत्र काढलं. मार्च २०२४ मध्ये पोलीस शिपाई पदाचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले, तेव्हा माझी फाइल जेमतेम आठ दिवसांपूर्वी पुरी झाली होती. अजून नोकरीत असलेल्या मित्रांना माझं कळकळीने सांगणं आहे, शेवटच्या वर्षात नाही, आजच आपल्या नोंदी उघडून बघा. युनिटमध्ये असताना दुरुस्ती होते ती एका अर्जावर, बाहेर आल्यावर तिलाच महिने लागतात.

मैदानाची मला काळजी नव्हती, आणि तीच चूक झाली. रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढून पळत होतो, दम भरपूर होता. साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर भरतीच्या अकादमीतल्या एका विशीतल्या पोराने घड्याळ लावलं तेव्हा १६०० मीटरला साडेसहा मिनिटं लागली. पूर्ण २० गुणांसाठी पाच मिनिटं दहा सेकंद लागतात. ‘काका, तुम्ही लांब पळणारे आहात, इथं जोरात पळायचंय,’ तो म्हणाला. खरं होतं. फौजेत आम्ही पाठीवर सामान घेऊन, सगळे एकत्र, कुणाला मागे न टाकता पळायचो. इथे चार फेऱ्या, एकट्याने, घड्याळाशी. शंभर मीटरला आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५ गुण, आणि सात किलो २६० ग्रॅमचा गोळा मी आयुष्यात हातात धरला नव्हता. त्या पोराने मला गोळा मानेला टेकवायला शिकवला, तेही एक पैसा न घेता. सरावाला रोज सकाळी माझ्या आधी येऊन थांबायचा. जूनमध्ये चाचणी झाली, त्या वर्षी पावसामुळे ठिकठिकाणी तारखा पुढे सरकल्या होत्या. मी १६०० मीटर पाच मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत संपवलं. तो पोरगाही पास झाला आणि आता शेजारच्या जिल्ह्यात आहे.

लेखी परीक्षा १०० गुणांची, नव्वद मिनिटांची. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान हे घासून जमलं. मराठी व्याकरणाने रडवलं. सतरा वर्षं बोलण्यात हिंदी, हुकूम हिंदीत, रिपोर्ट हिंदीत. तत्पुरुष आणि बहुव्रीहीत मी रोज घोटाळा करायचो. मुलगी संध्याकाळी दप्तर ठेवून माझी उजळणी घ्यायची. ‘बाबा, नीलकंठ म्हणजे निळा कंठ नाही, निळा आहे कंठ ज्याचा तो.’ चुकलं की ती रागवायची नाही, पुन्हा विचारायची. सगळ्या धावपळीत मला सगळ्यात जास्त मिळालं ते त्या तासात. माजी सैनिकांचा कट-ऑफ बहुधा खाली लागतो, म्हणून काही जण अभ्यास सोडून देतात. त्यांनी लक्षात ठेवावं, किमान गुणांची अट आपल्यालाही सुटत नाही.

निवड झाली, वैद्यकीय झालं, चारित्र्य पडताळणी झाली. प्रशिक्षणात कवायत आणि शस्त्र मला नवं नव्हतं. बराकीत मी वयाने सगळ्यात मोठा, हुद्द्याने सगळ्यांच्या बरोबरीचा शिपाई. ते जड गेलं नाही. जड गेला कायद्याचा तास. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेले, त्यामुळे शिकवणारे फळ्यावर दोन-दोन कलमं लिहायचे. खुनाचं जुनं ३०२, नवं १०३. चोरीचं ३७९, आता ३०३. ते पाठ झालं. पण एक दिवस त्यांनी सांगितलं, की आरोपीने पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे २५ कलम होतं, नव्या साक्ष अधिनियमात २३. मला हे ऐकून खरंच लागलं. पहाऱ्यावरच्या संत्रीने रात्री जे पाहिलं ते सकाळी सांगितलं, की फौजेत ते खरं धरतात. इथे कायदाच म्हणतो, तुझ्या शब्दावर नाही, पुरावा दाखव. झडती घ्यायची तर तिचं चित्रीकरण कर. माणूस पकडलास तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा कर. मी तासानंतर सरांना विचारलं, आपल्यावर इतका अविश्वास का? ते म्हणाले, ‘सीमेवर तुमच्यासमोर जो होता, तो तुमच्या गावचा नव्हता. इथे समोरचा तुमच्याच गावचा असणार आहे, आणि कोठडीत तो एकटा असतो.’ त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. अपमान वाटायचा थांबला.

मला पहिलं ठाणं साताऱ्यातच मिळालं. गेल्या थंडीत रात्री दोनच्या सुमाराला ११२ या मदतीच्या नंबरवरून कॉल आला. दोन सख्खे भाऊ, बांधावरून भांडण. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून दोघेही पाणी पाजायला रानात. एकाच्या हातात खोरं, दुसऱ्याच्या हातात कोयता. गाडीतून उतरल्याबरोबर माझं अंग जुन्या सवयीने वागायला लागलं. कोयतेवाल्याच्या उजव्या बाजूने जायचं, मनगट धरायचं, खाली पाडायचं. दोन पावलं टाकलीसुद्धा होती. आमच्या हवालदारांना ठाण्यात सगळे नाना म्हणतात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅटरी उसावर मारली. ‘ऊस झकास आहे की, पावणं. जात कुठली, दोनशे पासष्ट का शहाऐंशी बत्तीस?’

कोयतेवाला थांबला. ‘पासष्ट,’ म्हणाला. मग नानांनी लागण कधीची ते विचारलं, तोड कधी मिळणार ते विचारलं, आणि बोलता बोलता सऱ्यांमधून त्याच्याजवळ जाऊन कोयता मागून घेतला, शेजाऱ्याकडून मागावा तसा. अर्ध्या तासाने दोघे भाऊ गाडीत मागे बसले होते.

ठाण्यावर आल्यावर नाना म्हणाले, ‘मेजर, तुम्ही लिहा.’ स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातली रोजच्या घडामोडींची नोंद, आता संगणकावर भरतात, पण नव्या माणसाला ते आधी कागदावर लिहायला लावतात. मी तीन ओळी लिहिल्या. युनिटमध्ये तेवढ्या पुरायच्या. त्यांनी कागद परत दिला. कॉल किती वाजता, पोचलो किती वाजता? गट नंबर? कोयत्याचं पातं किती लांब? उजेड कशाचा होता? कुणाला लागलं नाही हे कुणी बघितलं? मी पुन्हा लिहिलं, ते पुन्हा परत आलं. दोघांवर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली प्रतिबंधक कारवाईचा प्रस्ताव जायचा होता. नाना म्हणाले, तहसील कार्यालयात हा कागद वाचणाऱ्याने आपल्याला बघितलेलं नाही, उसालाही नाही. चौथ्या वेळी पान पुरं भरलं, तेव्हा त्यांनी ते टायपिंगला दिलं. कोयत्याचं पातं मी पट्टीने मोजलं होतं, सव्वीस सेंटिमीटर.

परवा गावातला एक जवान सुट्टीवर आला. त्याची अजून दोन वर्षं बाकी आहेत, त्यालाही पोलिसांत यायचंय. त्याला पळण्याबद्दल विचारायचं होतं. मी त्याला त्याच्या नोंदींची प्रत आणि शाळेचा दाखला घेऊन यायला सांगितलं. ओट्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही ओळ न् ओळ ताडून पाहिली. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक निघाला. तो सोमवारी युनिटमध्ये परत जातोय. दुरुस्तीचा अर्ज मी त्याला आजच लिहून दिलाय.