राखणदाराची डावी वहाण: विनोदी अद्भुत कादंबरीची मालिका करताना

विनोदी अद्भुत कादंबरी वाचताना आपण नेमकं कुठे हसतो, हे एकदा हातात पेन्सिल घेऊन तपासावं. घटना बहुतेक वेळा गंभीरच असतात. कुणाला शाप लागतो, कुणाचं राज्य बुडायला येतं, कुणी दुसऱ्याच लोकात जाऊन पडतो. हसू येतं ते त्या घटनेच्या बाजूला उभा राहून निवेदक जे बोलतो त्याला. मालिका करायला घेतली की पहिल्याच खर्ड्यात हे बोलणं गळून जातं, कारण पटकथेत दिसेल ते आणि ऐकू येईल ते, एवढंच लिहायचं असतं. मग उरते जादू, धावपळ आणि विचित्र पोशाख. लेखकाचे वाचक असं रूपांतर पाहून हळहळतात. सगळं पुस्तकातलंच घेतलेलं असतं, तरी पुस्तक हाती लागत नाही.

म्हणून पटकथेच्या आधी कादंबरीच्या प्रतीवर चार रंगांनी खुणा करायच्या. घटनेला एक रंग, संवादाला दुसरा, निवेदकाच्या शेऱ्याला तिसरा आणि तळटिपेला चौथा. या प्रकारच्या लेखनात तळटिपाही कथेचाच भाग असतात, त्यांना वगळून चालत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या रंगातल्या प्रत्येक वाक्याचं एक वेगळं कार्ड करायचं आणि त्यावर एकच प्रश्न लिहायचा: हे आता कुठे राहील? उत्तरं मोजकीच असतात: पात्राच्या तोंडी, वस्तूत, चौकटीच्या रचनेत, कापात (एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना), निवेदकाच्या आवाजात किंवा कुठेच नाही. कार्डांच्या ढिगाचं वाटप झाल्याशिवाय पहिला सीन लिहू नये.

आधी हिशेब समोर ठेवावा. साधारण ८०,००० शब्दांची कादंबरी मिनिटाला १३० शब्दांच्या गतीने मोठ्याने वाचली तर सव्वादहा तास लागतात. ४० मिनिटांचे आठ भाग म्हणजे ५ तास २० मिनिटं. वाहिनीवर अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळून २२ मिनिटांच्या आसपास हाती येतात, तेव्हा तिथे भाग वाढतात आणि प्रत्येक भागाला स्वतःचा शेवट लागतो. थोडक्यात, निम्मं पुस्तक जाणारच. काय जाऊ द्यायचं, यात मात्र चूक होते. कारकुनी, नियम, रीतिरिवाज यांची पानं ‘कथा पुढे जात नाही’ म्हणून आधी कापली जातात आणि मारामाऱ्या राहतात. उलट करावं. अद्भुत विनोदाचा पाया नियमावर असतो. भुताला उंबरा ओलांडता येत नाही, हे प्रेक्षकाला आधी गंभीरपणे कळलं असेल, तरच भूत उंबऱ्यावर अडून दूधवाल्याची वाट बघताना गंमत येते. प्रत्येक जादूचा नियम विनोदासाठी वापरण्याआधी एकदा सरळ दाखवलेला हवा. अशा नियमांचा एक पानी तक्ता करून तो लेखक, दिग्दर्शक आणि आर्ट डिपार्टमेंट यांच्याकडे द्यावा.

हक्कांचं थोडक्यात सांगून पुढे जाते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवणं लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर करारानंतर एका वर्षाच्या आत वापर न केलेला हक्क मूळ मालकाकडे परत जातो. अद्भुत मालिकेच्या नुसत्या तयारीत वर्ष सहज जातं, तेव्हा ही कलमं करारात स्पष्ट लिहून घ्यावीत.

आता निवेदकाकडे. डग्लस ॲडम्स यांची विनोदी विज्ञानकथा ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ १९७८ साली रेडिओवर जन्मली, मग कादंबरी झाली आणि १९८१ साली बीबीसीवर सहा भागांत आली. तिथे निवेदकाचं बोलणं कथेतल्याच त्या नावाच्या मार्गदर्शक पुस्तकाचा आवाज म्हणून ठेवलं आणि सोबत पडद्यावर चित्रं-अक्षरं उमटवली. ती संगणकाची वाटतात, पण हाताने काढलेली ॲनिमेशनं आहेत. म्हणजे तळटिपांना स्वतःची चौकट मिळाली. त्याच मालिकेत एका पात्राला दुसरं यांत्रिक डोकं बसवलं होतं. ते वारंवार बंद पडे आणि नटाच्या खांद्यावर निर्जीव लोंबकळत राही. कागदावर एका ओळीचा विनोद असलेली गोष्ट पडद्यावर प्रत्येक शॉटमध्ये सांभाळावी लागते, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. २०१९च्या ‘गुड ओमेन्स’ या मालिकेने वेगळी वाट धरली आणि निवेदन थेट देवाच्या आवाजात दिलं. निवेदकच पात्र झाला, त्यामुळे तो का बोलतो, हा प्रश्नच उरला नाही.

आपल्याकडे यापेक्षा जवळची सोय आहे. गोव्याच्या पेडणे महालात आणि पलीकडे सिंधुदुर्गात दशावतार पाहणाऱ्याला सूत्रधार सांगायला नको. आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, नाईक (हाच सूत्रधार) पखवाज-झांजेच्या साथीत उभा असतो, समोर काळ्या वेषातला संकासुर गावच्या बोलीत त्याच्याशी वाद घालतो, आणि वेद चोरणारा असुर क्षणात शेजारघरचा माणूस होतो. अद्भुत आणि विनोद एकाच श्वासात कसे चालवावेत, याचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही. पडद्यावर असा नाईक आणायचा तर एक पथ्य आहे: तो चौकटीत दिसला की त्याची वेळ, त्याचा पोशाख, त्याचं घर सगळं लागतं. भागात तीनदा आला तर तो पात्र ठरतो आणि त्याला शेवटही द्यावा लागतो. नुसता आवाज ठेवायचा असेल तर एका वेळी २० सेकंद, म्हणजे फार तर ४० शब्द. चित्र जे दाखवतं तेच आवाजाने सांगायचं नाही. आणि निवेदन एडिटिंगच्या आधी तात्पुरतं, कुणाच्याही आवाजात ध्वनिमुद्रित करावं. अंतिम मुद्रण सगळ्यात शेवटी, कारण कापाकापीत निम्मी वाक्यं चित्रानेच सांगून झालेली असतात.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, गोव्यातल्या एका गावाच्या आणि त्याच्या राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, कादंबरीत असं वाक्य आहे: ‘राखणदाराला चारशे वर्षांत एकदाही रजा मिळाली नव्हती. वहाणा मात्र दर वर्षी नव्या मिळत, आणि दर वर्षी डावी चावत असे.’ सोपा मार्ग म्हणजे राखणदाराकडून हे कुणाला तरी बोलवून घेणं. तसं केलं की तो कुरकुरणारा म्हातारा होतो आणि निवेदकाची माया निघून जाते. त्याऐवजी चार शॉट. पहाटे पुजारी दाराशी पडलेला जुना जोड उचलतो: उजवीच्या तळाला भोक, डावी कोरी. तो आत जाऊन फडताळात ठेवतो. कॅमेरा सावकाश सरकतो आणि ओळीने जोड दिसतात, सगळ्यांच्या उजव्या झिजलेल्या, सगळ्या डाव्या नव्या. पुजारी ताजा जोड मांडून हात जोडतो. रात्री एक मोठा हात डावी वहाण उचलून काठीला अडकवतो आणि पावलं निघून जातात, एक वाजणारं, एक न वाजणारं. शब्द एकही नाही, वेळ ३५ सेकंद. शिवाय तीन भागांनंतर शेताच्या बांधावरच्या चिखलात एक पाऊल वहाणेचं आणि एक अनवाणी उमटलं की गावाला कळतं, कोण येऊन गेलं. विनोद वस्तूत ठेवला की तो कथेच्या कामालाही येतो.

या वहाणा करणं हे आर्ट डिपार्टमेंटचं आठवड्याचं काम आहे. नेहमीच्या माणसाचं पाऊल दहा-अकरा इंचांचं, तेव्हा राखणदाराची वहाण १४ इंच घ्यावी. १८ इंच केली की ती सर्कशीतली वाटते. फडताळासाठी २० जोड आणि नटाच्या हातात येणाऱ्या जोडाच्या तीन सारख्या प्रती: नवी, अर्धी झिजलेली, भोक पडलेली. झीज करताना तळ ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा, कडा १२० ने, मग तारेचा ब्रश. अंगठ्याच्या आणि टाचेच्या जागी खोबरेल तेल मुरवावं, कारण घामाचा काळा डाग रंगाने कधी खरा दिसत नाही. वरून चिऱ्याची तांबडी धूळ पातळ गोंदाच्या पाण्यात कालवून शिवणीत भरायची. चामडं ओलं करून वाकवलं तर सावलीतच वाळवावं, उन्हात ते तडकतं. जूनमध्ये भिजलेलं चामडं दोन-तीन दिवस सुकत नाही आणि रंगाने गडद होतं, म्हणून नदीतले सीन त्या जोडाच्या वेळापत्रकात शेवटी. बुरशी येतेच, व्हिनेगरच्या फडक्याने पुसून हवेशीर ठेवावं, प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नये. प्रत्येक तळाखाली सीनचा नंबर आणि फोनमध्ये त्याचा फोटो.

गाव राखणाऱ्या वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहण्याची रीत गोव्यात खरीच आहे, आणि रात्री गावाभोवती फिरून त्या झिजतात ही श्रद्धाही. म्हणून देवळातल्या वहाणा वापरू नयेत, गावाचं नाव कल्पित ठेवावं आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे सगळ्यांनी मिळून घातलेलं मागणं, मात्र गावकाराकडून तपासून घ्यावं. गाऱ्हाण्यातला ‘व्हय म्हाराजा’ हा समूहाचा ताल विनोदाला आयता ठेका देतो, पण त्यातला क्रम चुकला तर गोव्यातला प्रेक्षक तिथेच मालिका सोडतो, आणि ते रास्तच आहे.

राखणदार उंच दिसायला हवा. संगणकाकडे जाण्याआधी अंतराची युक्ती करून पाहावी. दुसरा नट कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर आणि राखणदार ४ मीटरवर उभा केला की तो दीडपट दिसतो. दोघांची पावलं मात्र दिसता कामा नयेत, म्हणून पुढे दगडी गडगा घ्यावा. दोघेही फोकसमध्ये हवेत, म्हणजे वाइड लेन्स आणि तिचं छिद्र लहान, एफ/११ च्या आसपास. एफ/२.८ च्या मोठ्या छिद्रावरून एफ/११ वर गेलं की १६ पट उजेड लागतो. त्यामुळे ही युक्ती दिवसा जमते. रात्रीच्या सीनला तेवढा उजेड आणायचा तर दिव्यांचं बजेट फुगतं. आणि नट एकमेकांकडे पाहत नसतात, प्रत्येकाची नजर खुणेच्या काठीवर बांधून द्यावी लागते. ती चुकली की सगळं फसतं.

अदृश्य होण्याच्या शॉटला कॅमेरा ट्रायपॉडवर वाळूच्या पिशव्यांनी पक्का करायचा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून घ्यायचे. नटासकट एक टेक आणि लगेच रिकाम्या जागेचा एक टेक, नंतर ही दोन चित्रं जोडायची. गोव्यात इथे एक हमखास अडचण येते: माडाची झावळ. ती दोन टेकमध्ये कधीच एका जागी नसते, आणि दोन चित्रांच्या जोडावर थरथर दिसते. म्हणून जोडाची रेघ चिऱ्याच्या भिंतीवरून किंवा खांबावरून न्यावी, पानांतून कधीच नाही. पार्श्वभूमी नंतर बदलण्यासाठी नटामागे रंगीत पडदा लावायचाच असेल तर कुळागरात, म्हणजे बागायतीत, हिरवा लावू नका. सुपारी-केळीचा हिरवा रंग आधीच सगळ्यांच्या गालांवर पडलेला असतो. निळा घ्या आणि नटाला त्याच्यापासून निदान अडीच-तीन मीटर पुढे उभं करा. किनाऱ्यावरच्या सीनला भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तेव्हा कालची ओली वाळू आज त्याच वेळी त्याच जागी नसणार. ड्रोन लागत असेल तर दाबोळी हा नौदलाचा विमानतळ आहे, हे लोकेशन ठरवतानाच लक्षात ठेवावं आणि नकाशातले निर्बंध आधी बघावेत.

अभिनयाचं सूत्र एकच आहे: हे विचित्र आहे हे कुठल्याही पात्राला माहीत नसावं. पुजाऱ्याला वहाणा झिजणं हे वीजबिल येण्याइतकं रोजचं वाटलं पाहिजे. मालिकांची सवय असलेल्या युनिटमध्ये प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा जाणारा कॅमेरा आणि गमतीवर ‘टुंग’ वाजणारं संगीत आपोआप येतं. ते पहिल्याच दिवशी थांबवावं. मोठा शॉट धरून ठेवा, वस्तू आणि माणूस एकाच चौकटीत दिसू द्या, आणि विनोदी ओळीनंतर १२ ते १५ फ्रेम काही करू नका. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात प्रेक्षक हसतो.

भाषेचा पट गोव्यात आयताच आहे. निवेदन मराठीत, घरातलं बोलणं कोकणीत, आणि बाल्कांव (घरापुढची बैठकीची ओसरी), पोदेर (पाववाला), रेजिदोर (गावचा अधिकारी) असे पोर्तुगीज काळातून आलेले शब्द. देवलोकातल्या कचेरीला शासकीय मराठी द्यावी आणि राखणदाराला गावची बोली. दोघं समोरासमोर आले की वेगळा विनोद लिहावा लागत नाही. कोकणीला मराठी उपशीर्षकं देताना कलाटणीचा शब्द नट बोलण्याआधी वाचला जातो, ही नेहमीची चूक. तिथे उपशीर्षक दोन तुकड्यांत फोडावं आणि दुसरा तुकडा शब्दाबरोबर यावा.

शेवटचं मिक्सिंग स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर झालं की तेच घरच्या साध्या टीव्हीवर, छताचा पंखा पाचवर आणि बाहेर पाऊस चालू असताना ऐकावं. अनवाणी पावलाचा न वाजणारा ठोका तिथे कळत नसेल, तर वाजणारं पाऊल थोडं आणखी वाजवा.