दोन बोटं माया

आमच्याकडच्या सगळ्या पँटी उजव्या गुडघ्यावर फाटतात. डावा गुडघा शाबूत. याचं मला बरेच दिवस कोडं होतं. मग एकदा चिरंजीव जेसीबी चालवत असताना नीट पाहिलं. उजवा गुडघा टेकवायचा, डाव्या पायाने फरशी ढकलायची आणि तोंडाने घुर्रर्र करत हॉलच्या दारापासून थेट ओट्यापर्यंत. दिवसाकाठी अशा पंचवीसेक फेऱ्या. कुठलं कापड पुरं पडणार?

म्हणून जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी नाशकातल्या मेनरोडला जाताना सासूबाईंना बरोबर घेतलं. कपडा मी सुलटा बघते, त्या उलटा. पुढच्या डायनॉसोरकडे ढुंकूनही न बघता त्यांनी पँट उलटी केली, दोन पायांमधली शिवण अंगठ्यांनी ताणली आणि टाक्यांतून उजेड दिसताच ती गठ्ठ्यावर परत टाकली. "ही पहिल्या उकिडव्यात उसवेल." मग टी-शर्टच्या गळ्यात दोन्ही मुठी घालून पाहिल्या. आमच्या घराण्याची डोकी मोठी. गळा डोक्यातून गेला पाहिजे आणि पुन्हा जागेवर आला पाहिजे. मोजे मुठीला गुंडाळून मापले. दुकानदार आधी हसत होता, नंतर मुकाट्याने वरच्या फळीवरचा माल काढायला लागला.

"कितीचा आहे?"

"पाचचा. पण सातचं दाखवा. वाढत्या अंगाचं."

वाढत्या अंगाचं! माझं अख्खं बालपण या दोन शब्दांत गेलंय. बाह्या दुमडायच्या, कंबरेला पिन लावायची, आणि फ्रॉक एकदाचा अंगाला बसला की पुढच्या वर्षी तो धाकटीचा. आपल्या पोराला मापाचेच कपडे घ्यायचे, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. घेतलेही. मागच्या दिवाळीची अगदी मापात बसणारी सुती पँट पहिल्याच धुण्यात आटून घोट्याच्या वर गेली. कापड तयार होताना सूत ताणलेलं असतं, पाणी लागलं की तो ताण सुटतो, हे ज्ञान मला पैसे मोजून झाल्यावर मिळालं.

माझीही काही मतं आहेत, नाही असं नाही. कंबरेला इलास्टिकच हवं. शाळेत घाईची लागल्यावर पाच वर्षांच्या बोटांना हुक आणि बटण उघडत नाही, आणि मग डब्याच्या पिशवीतून ओली चड्डी घरी येते. पावसाळ्यात जीन्स नको. श्रावणातल्या झिमझिमीत ती दोन दिवस दोरीवर जड होऊन लोंबते. स्वेटर पुढून चेनचा. डिसेंबरात सकाळी सातला रिक्षाची वाट बघताना पोरं कुडकुडतात आणि दुपारी त्याच अंगणात घामाघूम. डोक्यातून काढायचा स्वेटर काढता काढता शाळेतच राहतो. आमचे दोन राहिले. पांढरं तर काही घेऊच नये, निदान काळ्या द्राक्षांच्या गावात तरी.

त्या दिवशी शेवटी एक पँट सगळ्या परीक्षांतून पार पडली. सासूबाईंनी तिचा पाय खालून उलटला आणि तोंड वाकडं केलं.

"यात मायाच नाही हो."

शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. इतकी वर्षं हा शब्द ऐकला, पण त्या दुकानात तो पहिल्यांदा कानाला लागला. रेडिमेडमध्ये माया सोडणं परवडत नाही. हजारो नगांत प्रत्येकी बोटभर कापड वाचलं की केवढं होतं! या वयात पोरं वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढतात, त्यातही पाय धडापेक्षा भराभर. म्हणजे कंबर तीच आणि पँट मात्र आखूड.

तिथून आम्ही पंचवटीतल्या आमच्या जुन्या शिंप्याकडे गेलो. "काका, दोन शिवा. गुडघ्याला आतून दुहेरी कापड, आणि खाली दोन बोटं माया." निळं जाडसर कापड, चित्र नाही, काही नाही. चिरंजीव रुसले. मग काकांनी खिसा कोपरापर्यंत हात जाईल एवढा खोल केला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आमच्याकडे कपड्याचा शेवटचा मुक्काम रंगपंचमी. नाशकात रंग धुळवडीला नाही, पंचमीला. त्यासाठी वर्षभर एक पिशवी भरत जाते. पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून आलेला सदरा पुन्हा घरात घ्यायचा नसतो. यंदाही पिशवी काढली. त्यात सगळ्या दुकानातल्याच पँटी, उजवा गुडघा गेलेल्या. निळी त्यात नव्हती.

निळी सासूबाईंच्या मांडीवर होती. ब्लेडच्या टोकाने त्या खालची दुमड उसवत होत्या. आतलं कापड नवंकोरं, गर्द निळं. वरचं धुऊन धुऊन राखेच्या रंगाला आलेलं. आणि मधे दुमडीची पांढुरकी रेघ.

"आजी, ही रेघ जाणार नाही?"

"नाही जायची," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "हलू नको. आत अजून एक बोट ठेवतेय."